समोरच्या दुकानाकडे बघणारा कॉफीवाला

एका गावात एक कॉफीवाला होता. गाव घाटाच्या पायथ्याशी होतं आणि उठल्यापासून झोपेपर्यंत चहा पिणारं होतं. अशा गावात याने कॉफीचं दुकान काढलं, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यातच काढलं.

पण कॉफीवाल्याला दोन गोष्टी चांगल्या येत होत्या. दुपार कलली आणि बाजार पेंगायला लागला की तो दारातच लोखंडी कढई ठेवून कॉफीच्या बिया भाजायचा. वास सगळ्या पेठेत फिरायचा आणि माणसं त्या वासामागे चालत यायची. हे झालं गिऱ्हाईक आणण्याचं. ते टिकवणं त्याहून अवघड, पण तेही त्याला जमत होतं. समोर बसलेल्या माणसाचं तो नीट ऐकायचा. काल म्हैस अडली होती, ती सुटली का? मुलीला बघून गेलेल्या पाहुण्यांचा निरोप आला का? पुढ्यात कप ठेवताना तो असं कालच्या गोष्टीचं पुढचं विचारायचा. खरं सांगायचं तर पुष्कळांना घरीसुद्धा कोणी एवढं विचारत नव्हतं.

त्यामुळे दुकानातली आठ स्टुलं कधी रिकामी राहत नसत. शिंपी यायचा, मास्तर यायचे. वैद्यही यायचे आणि कॉफीने पित्त वाढतं असं सगळ्यांना बजावत स्वतः दोन कप प्यायचे.

बाजाराच्या दिवशी घाटावरची माणसंही यायची, आणि त्यांच्यासारखीच एक म्हातारी कासारीण यायची. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती घाटावरची दहा-बारा गावं पायी फिरायची आणि आठवड्यातून एकदा खाली उतरायची. पाटी उतरवून ठेवली की तिला मोठा कप लागे, जायफळ जरा जास्त घातलेला. तिला मुलगा नव्हता, एक लेक होती तेवढी. कॉफीवाल्याला ती लेका म्हणायची, आणि तोही तिची कॉफी दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

असं सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, दुसरं कॉफीचं दुकान निघालं.

मालक परगावचा, तरुण आणि साधा होता. त्याची कॉफी म्हणाल तर पाणचट. पहिल्या दिवशी तिघे तिकडे डोकावले, आणि तिघेही कॉफीवाल्याची रोजची माणसं होती. ते बघून कॉफीवाला त्या दिवशी दहादा दारात जाऊन आला. नव्याची नवलाई नऊ दिवस, असं बायकोने त्याला समजावलं. त्याला काही ते पटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने शेगडी खिडकीशी हलवली. तिथून समोरचं दुकान आख्खं दिसायचं. हात कॉफी करायचे आणि डोळे रस्त्यापलीकडे असायचे. शिंप्याने थोरल्या मुलाला नोकरी लागल्याचं सांगितलं, तर हा म्हणाला, "अरेरे." मास्तरांच्या कपात जायफळ दोनदा किसलं गेलं. जायफळाने झोप येते हे तुम्हाला ठाऊकच असेल. मास्तर दुपारी पाढे म्हणून घेता घेता खुर्चीतच झोपले, आणि पोरं एवढी शहाणी की शाळा सुटेपर्यंत त्यांना कोणी उठवलं नाही. गाव पोट धरून हसलं. पण दुसऱ्या दिवशी मास्तर कॉफीला आले नाहीत, आणि का आले नाहीत हे कॉफीवाल्याने विचारलंही नाही.

शेवटी बायकोला राहवलं नाही. ती म्हणाली, "अहो, आपल्याकडे सात माणसं बसलीत आणि तिकडे तीन. सातांकडे पाठ करून तिघांना काय बघत बसलाय?"

"बसलेत ते बसलेतच," कॉफीवाला म्हणाला. "ते कुठे जातायत?"

बायको आत जाऊन कॉफी दळायला लागली.

पुढे खिडकीतून बघून त्याचं भागेना. तिकडे नेमकं असं काय आहे ते जवळून बघावं, म्हणून तो एका दुपारी स्वतःच रस्ता ओलांडून गेला आणि एक कप मागवून कोपऱ्यात बसला. दुसऱ्या दिवशीही गेला. मग रोजच जाऊन बसायला लागला. भर दुपारी, बिया भाजायच्या वेळेला, त्याची कढई थंड पडलेली असे.

आता हलवाई स्वतः कुठली मिठाई खातो, यावर लोकांचं फार बारीक लक्ष असतं. कॉफीवाला समोर जाऊन पितोय म्हणजे समोरचीच कॉफी चांगली असणार, असं अर्ध्या गावाने धरलं. उरलेले अर्धे शिंप्यासारखे होते. शिंपी नेहमीप्रमाणे जुन्या दुकानात आला, मालक जागेवर दिसला नाही, रस्त्यापलीकडे दिसला, म्हणून तो तिकडे गेला. त्याला कॉफीशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याला आपली चार शब्द बोलायची जागा हवी होती. वैद्यांचंही तेच झालं.

माणूस दारातून आत आला की कॉफीवाला कोपऱ्यातून मनाशी म्हणायचा, गेला, हाही गेला. आलेला माणूस त्याच्याचकडे बघून आला होता, हे काही त्या शहाण्याला कळलं नाही. उलट आपला संशय खरा ठरला म्हणून तो जास्तच वेळ बसायला लागला.

एका बाजाराच्या दिवशी कासारीण आली. तिची पाटी रिकामी होती. दुकानात कॉफीवाल्याची बायको एकटीच होती. म्हातारी तिला म्हणाली, लेकाला बोलव, बोलायचंय त्याच्याशी. बायकोने दारात येऊन नवऱ्याला हाक मारली. त्याने बसल्या जागेवरून हात वर केला, आलोच म्हणून. पण तेवढ्यात वैद्य तिथे शिरत होते, आणि इथेही ते दोन कप घेतात का, ते त्याला बघायचं होतं.

म्हातारीची कॉफी निवून गेली. बायकोने दुसरी करून दिली आणि पुन्हा हाक मारली. त्याने पुन्हा हात वर केला. ऊन उतरायला लागलं तशी म्हातारी उठली. तिला अंधाराच्या आत घाट चढायचा होता.

"असू दे," ती म्हणाली. "कामात असंल त्यो."

पुढच्या बाजाराला घाटावरच्या चार बायका खाली आल्या. त्यांनी जुन्या दुकानात डोकावून पाहिलं तर स्टुलं रिकामी, म्हणून त्या माणसं दिसली तिकडे गेल्या. कॉफीवाला आपल्या कोपऱ्यात होताच. त्यातली एक जण तरुण मालकाला म्हणाली, "विचारपूस करणारे कॉफीवाले ते तुम्हीच का? आमची कासारीण मावशी बांगड्या भरताना दर खेपेला सांगायची, खाली उतरलात तर त्याच्याकडे जा. कॉफी बरी असती, पण माणूस फार चांगला. एकदा सांगितलेलं इसरत न्हाई."

"ते मी नाही," तरुण मालक म्हणाला. "ते हे. इथे बसलेत."

इतकी वर्षं बाजाराच्या दिवशी घाटावरची माणसं आपल्याकडे का येतात, ते कॉफीवाल्याला त्या दिवशी कळलं. बियांचा वास काही घाट चढून जात नव्हता. त्याने विचारलं, मावशी कुठे आहे?

"गेली की. गुडघे चालंनात तिचे. लेकीचं बिऱ्हाड आता लांब कुठल्या नव्या गावाला गेलंय, तिकडंच न्हेली तिला. जाताना आमच्याकडं वस्तीला होती. म्हणाली, निघाले म्हणून लेकाला सांगायला गेले हुते, पर त्याला सवड नव्हती."

"कुठलं गाव?"

"आमाला न्हाई सांगितलं. तुमाला ठावं हाय म्हणाली. मागंच सांगून ठिवलंय, कधी सय आली तर यील म्हणाली."

कॉफीवाला उठून उभा राहिला. तरुण मालक त्याच्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, रागावू नका. मी पहिल्याच महिन्यात गाशा गुंडाळणार होतो. तुमच्यासमोर आपला टिकाव लागणार नाही, हे मला दिसत होतं. मग तुम्ही इथे येऊन बसलात, आणि लोक तुम्हाला शोधत यायला लागले."

कॉफीवाल्याला इतकी शरम वाटली की त्याला वर बघवेना. तो रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेला. त्याच दिवशी त्याने शेगडी खिडकीपासून हलवली आणि कढई चढवली. हळूहळू काही माणसं परत आली. मास्तर आले, पण जायफळ नको म्हणाले. शिंपी आला, तेव्हा कॉफीवाल्याने त्याच्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली. मुलाने ती नोकरी सोडूनही महिना झाला होता. घाटावरून मात्र आता कोणी येत नव्हतं, कारण गावोगाव त्याचं नाव सांगत फिरणारी राहिली नव्हती.

त्या गावाचं नाव आठवायचा त्याने फार प्रयत्न केला. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मला कुठे सांगितलं? तुम्हाला सांगितलं तिने, मी आत दळत होते. तुम्ही हो हो म्हणालात, तेवढं ऐकलं मी." मग त्यालाही आठवलं. ती स्टुलावर बसून सांगत होती आणि तो खिडकीशी उभा होता. ती काय बोलली, त्यातला एक शब्दही त्याच्या कानात शिरला नव्हता. त्या दुपारी समोरच्या दुकानात कोण कोण गेलं, ते मात्र त्याला अजून तोंडपाठ होतं.

तात्पर्य काय, तर गेलेल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसू नये. तेवढ्यात जवळ बसलेला उठून जातो.