पुढाईचा झरा

आंबेजवळ नावाच्या गावाखालच्या उतरणीवर एक झरा आहे आणि झऱ्याकाठी उंबराखाली शेंदूर लावलेला एक तांदळा, देव म्हणून पुजलेला बिनघडीव दगड. ही पुढाई. पाहुणे नारळ काढू लागले की बाळकू गुरव त्यांना थांबवतात. हिला नारळ चालत नाही, एखादी गोष्ट सांगा, म्हणतात. मग पायरीवर बसून ते आपणच सांगू लागतात.

फार मागे गावात बुरडाचं एकच घर होतं. त्या घरात ठकू, तिचा म्हातारा सासरा राघू आणि सहा वर्षांची लेक सोनकी, एवढीच माणसं. ठकू झऱ्याकाठी बसून सुपं विणायची आणि सोनकीला गोष्ट सांगायची. गोष्ट एकच, मुंगीची. एक मुंगी सूर्याच्या आईकडे उसनं पीठ मागायला निघाली होती म्हणे. ठकू तिला रोज थोडी पुढं न्यायची. एके दिवशी मुंगी नदीपाशी पोचली. हातातलं सूप दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला हवं होतं, म्हणून ठकू म्हणाली, आता पुरे, पुढचं उद्या.

त्याच संध्याकाळी पोर तापली. गावात साथच होती. तिसऱ्या दिवशी सोनकी गेली.

तेव्हापासून रोज पहाटे ती ठकूच्या स्वप्नात येऊ लागली. झऱ्याच्या पलीकडच्या काठावर उभी राहायची आणि विचारायची, "आई, मुंगी पलीकडं कशी गेली?" ठकू तोंड उघडायची, पण आवाज फुटायचा नाही, आणि तेवढ्यात जाग यायची. पुढं पुढं तिला झोपेचीच धास्ती बसली. बसल्या बसल्या डोळा लागू नये म्हणून ती बांबूच्या कामट्या तासत राही. बोटं चिरली, अन्न सुटलं.

राघूनं एक दिवस तिच्या हातातली कोयती काढून घेतली आणि काय होतंय ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

म्हाताऱ्यानं कोयती आढ्याला खोवली. मग म्हणाला, "पहाटेचं स्वप्न खरं असतं म्हणतात. मग तिचं विचारणंही खरंच. सांग तिला."

"मला ठाऊक नाही, मामंजी. मी रोज मनानं रचत होते."

"मग आजही रच."

ठकू झऱ्यावर गेली. पाण्याकडं तोंड करून बसली. उंबराचं एक पान पाण्यात पडलं, मुंगी त्यावर चढली, इथवर सांगताना तिनं तीनदा मागं जाऊन पुन्हा सुरुवात केली. पाण्याला आलेल्या बायका घागरी टेकून उभ्या राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरातलंही माणूस साथीत गेलं होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुंगी सूर्याच्या आईच्या दारात पोचली होती.

दुसऱ्या पहाटे सोनकी अलीकडं आली आणि सरळ मांडीवर बसली. म्हणाली, "सूर्याची आई तिला म्हणाली असेल, आधी जेव, मग पीठ ने." जागी झाल्यावर ठकू रडली, हसली, आणि त्या दिवशी लेकीचं वाक्य तिनं जसंच्या तसं गोष्टीत घातलं. संध्याकाळी भाकरीही खाल्ली.

हळूहळू सोनकीचं येणं कमी झालं, मग थांबलं. गोष्ट मात्र थांबली नाही. कुणाला स्वप्नात भाऊ दिसला, कुणाला आई. जो तो झऱ्यावर येऊन सांगे आणि ठकू त्या माणसाला मुंगीच्या वाटेवर कुठंतरी जागा करून देई. कुणी मुंगीवर सावली धरी, कुणी रस्ता दाखवी.

ठकू म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिच्या बसायच्या जागी गावानं तांदळा मांडला. 'पुढं सांग' म्हणत बायका तिच्याकडं यायच्या, म्हणून ती पुढाई. सूर्याची आई ती हीच, असंही काही जण सांगतात. यातलं काय घडलं, काय स्वप्नात दिसलं आणि काय ठकूनं रचलं, हे आता कुणी निवडून काढू शकत नाही, असं बाळकू गुरव म्हणतात. कुणी तसा प्रयत्नही केलेला नाही.

आजही रथसप्तमीच्या सकाळी सारा गाव झऱ्यावर जमतो. वर्षभरात ज्याच्या स्वप्नात त्याचं वारलेलं माणूस आलं असेल, तो उठतो आणि त्याला गोष्टीत सोडतो. मुंगी पीठ घेऊन केव्हाच परत निघाली आहे. वाटेत इतकी माणसं भेटतात, की ती अजून घरी पोचलेली नाही. गावात कुणाला त्याची घाईही नाही.