हातभर साल

एका राज्यात, जिथं सूर्य आधी रानाला विचारून मग उगवायचा, एक परमुलखातलं झाड उभं होतं. कुण्या जादूगारानं समुद्रापलीकडच्या हबसाणातून, हत्तींच्या रानातून ते रोप झोळीत घालून आणलेलं. जादूगार मेला, झाड राहिलं. बारा महिने हिरवंगार. पण त्याच्या जातीचं दुसरं झाड त्या राज्यात नव्हतं. वारा सुटला की ते आपलं एकटंच सळसळे.

त्याच्या वाळक्या फांदीचं मुसळ तीन पिढ्या झिजत नसे. पाल्याच्या काढ्यानं ताप उतरे. आणि सालीच्या काढ्यानं म्हाताऱ्या पुरुषांची अडलेली लघवी मोकळी होई. साल काढायचा मान नेमाजीचा. तो आणि त्याची बायको भागू झाडापाशीच खोपटात राहत, मूलबाळ नव्हतं. रीत अशी होती, की उगवतीच्या अंगानं हातभर साल काढायची, जखमेला शेणमाती लिंपायची, आणि पुन्हा सुरी लावायची ती सात वर्षांनी, मावळतीच्या अंगानं. सुरी खोडाभोवती फिरवायची नाही.

राजा भद्रायू म्हातारा झाला आणि त्यालाही तीच व्याधी जडली. त्यानं नेमाजीला बोलावलं.

"सगळी साल आण."

"महाराज, हातभरच मिळते."

"झाड आमच्या राज्यात उभं आहे, की आम्ही झाडाच्या राज्यात?"

नेमाजीला उत्तर ठाऊक होतं. त्यानं ते दिलं नाही. मान खाली घालून तो परत आला, आणि त्यानं सुरी खोडाभोवती फिरवली.

कडं पुरं झालं, तशी सळसळ थांबली. त्याच घटकेला त्या राज्यात माणसाचा शब्द माणसाला ऐकू येईनासा झाला. नेमाजीनं भागूला हाक मारली. ती पाठमोरी होती, वळली नाही. पुढं कितीदा तरी दोघांनी एकमेकांसमोर ओठ हलवून पाहिले. मग तिनं नाद सोडला. एका चुलीपाशी बसून ती दोघं दोन गावांत राहू लागली.

झाडावर एक बोलका धनेश पक्षी होता. शाप माणसांना होता, त्याला नव्हता. नेमाजी खाली येऊन बसला तसा तो म्हणाला, "तीन कामं आहेत. शेंड्याच्या कोवळ्या डहाळ्या आण आणि जखमेवर पुलासारख्या बसव, खालच्या सालीतून वरच्या सालीत. ज्यानं आज्ञा दिली, त्याच्या डोक्यावरच्या कापडानं त्या बांध. मग रोज एक हाक मार, ओ येईपर्यंत."

सत्तरीचा नेमाजी शेंड्यापर्यंत चढला. गुडघे सोलले, डहाळ्या आणल्या. त्या मिटलेल्या मुठीत धरून तो दरबारात जाऊन उभा राहिला. बोलून उपयोग नव्हता. त्यानं डहाळ्या दाखवल्या, मग राजाच्या पगडीकडं बोट केलं. शिपाई धावले. पण राजाचीही हाक कितीएक दिवस कुणी ऐकली नव्हती. त्यानं हातानंच शिपायांना मागं सारलं आणि पगडी उलगडून दिली. नेमाजीनं त्या कापडानं डहाळ्या जखमेवर बांधल्या आणि वर माती लिंपली.

तिसरं काम सगळ्यांत जड गेलं. रोज सकाळी डहाळ्यांवरची माती ओली करायची, खोपटाकडं तोंड करून भागूचं नाव घ्यायचं, आणि थांबायचं. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. कधीकधी त्याला वाटे, आपण झाडालाच हाक मारतोय, दोघंही एकटेच.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी डहाळीच्या पोटातून हिरवा डोळा बाहेर आला. नेमाजीनं नेहमीसारखी हाक मारली.

"आले की. भाकरी तव्यावर आहे. किती ओरडताय?"

वर पानं सळसळली.

महिन्याभरानं राजा पायी आला, उघड्या डोक्यानं. आधीची साल कधीच संपली होती; नवी कधी मिळेल, असं त्यानं हळूच विचारलं.

"सात वर्षांनी, महाराज. हातभर."

"आणि तोवर?"

"तोवर सोसायचं."

राजानं मान डोलावली. भागूनं आतून विचारलं, कोण आलंय. नेमाजीनं ओ दिली, आणि तिनं तिसरं पान मांडलं.

त्या झाडाला मिळाली, नेमाजीला मिळाली, तशी ऐकणाऱ्याच्या हाकेलाही ओ मिळो.