मिटलेले डोळे

प्राणी एकमेकांकडे औषधाला जात, त्या काळी आबा नावाचा म्हातारा वानर रानात वैद्यकी शिकवायचा. पिल्लांना आधी पाला ओळखायला शिकवायचा, मग त्यांच्यातली काही निवडून त्यांना वैद्य करायचा. निवडीला बाहेरच्यांनाही बसता येई. आपपरभाव नको म्हणून आबा डोळे मिटून उत्तरं ऐकायचा. रानाला त्याचं फार कौतुक होतं.

एका वर्षी नदीपलीकडून साळिंदरीण साळू निवडीला आली. आबानं विचारलं, "रोग्याला ताप आहे, उलट्या थांबत नाहीत. काय करशील?"

आबाकडे शिकलेली पिल्लं एकामागून एक म्हणाली, "गुळवेलीचा रस, पाण्यात कालवून."

साळू म्हणाली, "आधी विचारीन, पाणी कुठलं प्यायलास?"

आबाला ते उत्तरच वाटलं नाही. साळू नदीपलीकडे परत गेली.

उन्हाळ्यात आबाचा नातू तापानं फणफणला. त्याला उलट्या सुरू झाल्या. नवे वैद्य धावले, जवळच्या डबक्यातल्या पाण्यात रस कालवून पाजत राहिले. पोर गेलं. मग कावळ्यानं सांगितलं, त्या डबक्यात साप मरून कुजलाय.

पुढच्या निवडीला आबानं तोच प्रश्न विचारला. पिल्लांनी तेच उत्तर दिलं. आबानं डोळे उघडले.

"डोळे मिटले होते रे मी," तो हळूच म्हणाला, "पण माझंच बोलणं परत ऐकू यायचं, आणि तेच मला बरोबर वाटायचं."

मग तो नदीपलीकडून कुणी येतंय का, बघत बसला. त्या वर्षी तिकडून कुणीच आलं नव्हतं.