शीळ घालणारा रोगी

गावाबाहेरच्या एका चिंचेच्या ढोलीत साळुंक्यांचं जोडपं राहत असे. नवऱ्याची शीळ साऱ्या शिवारात नावाजलेली, आणि बायको मात्र त्या नवऱ्यापायी पार मेटाकुटीला आलेली. कारण काय म्हणाल, तर साळुंका आजारी होता आणि ते कबूल करायला तयार नव्हता! चोच उघडी टाकून धापा टाकायचा, श्वासागणिक शेपटी खालीवर व्हायची. पण बाहेर कुणाची चाहूल लागली रे लागली, की स्वारी मान ताठ करून बसलीच. मुलांनो, पाखरांची रीतच तशी. आजारी दिसेल त्याला ससाणा आधी उचलतो, म्हणून सगळे दुखणं अंगावर काढतात. ससाण्यापुढे ठीक आहे हो, पण वैद्यापुढेही?

तळ्यावरचा म्हातारा करकोचा हा तिथला वैद्य. साळुंकी त्याला हातापाया पडून घेऊन आली. "काय होतंय?" करकोच्याने विचारलं. "मला? कुठे काय!" असं म्हणून साळुंक्याने पिसं नीट बसवली आणि वर एक लांबलचक शीळ ठोकली. करकोचा वैतागला. "बाई, हा माझ्यापेक्षा धडधाकट आहे. उगाच कशाला हेलपाटा घालायला लावलास?" तो दिसेनासा होतो न होतो तोच साळुंका मटकन खाली बसला आणि घशातून घरघर सुरू झाली. साळुंकी रडकुंडीला आली. "अहो, वैद्यापासून कसलं लपवता? तुम्हाला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

तेवढ्यात शेजारची कावळीण न विचारता मधे पडली. "सर्दी गं ती, दुसरं काय! ऊब दे, आणखी पेंढा अंथर." बुडत्याला काडीचा आधार! साळुंकीने शेतातल्या भिजलेल्या गंजीखालचा मऊ मऊ पेंढा आणून ढोली भरली. आधीचं अंथरूणही तिथलंच होतं. झालं, साळुंक्याचा दम आणखीच वाढला आणि खाणंपिणं सुटलं.

आता मात्र साळुंकीचा संयम संपला. ती तडक तळ्यावर गेली. "वैद्यबुवा, एकदाच या. पण त्यांच्यासमोर येऊ नका, खोडामागे उभे राहा." करकोचा कुरकुरतच आला आणि खोडाआड उभा राहिला. आत आपण एकटेच आहोत असं समजून साळुंक्याने मान टाकली. त्याची ती उघडी चोच, हलणारी शेपटी करकोच्याने पाहिली, घशातली घरघर ऐकली आणि त्याचं डोकंच फिरलं. "शहाण्या, मरायला टेकलायस आणि मला शीळ ऐकवत होतास?" त्याने लांब चोच ढोलीत घालून पेंढा बाहेर ओढला, तशी निळसर-हिरवी पूड भसकन उडाली. "मागे सरक बाई! ही बुरशी आहे. हीच श्वासाबरोबर त्याच्या छातीत जाऊन बसली. सर्दी म्हणे, डोंबलाची सर्दी!"

साळुंक्याला उन्हातल्या मोकळ्या फांदीवर हलवलं. साळुंकीने ती ढोली कायमची सोडली. कडू पाल्याचं औषध बरेच दिवस चाललं आणि जीव वाचला. शीळ मात्र गेली ती गेलीच. "वेळेवर बोलला असतास तर तीही राहिली असती," करकोच्याने स्पष्टच सांगितलं.

मग एकदा करकोचा तपासायला आला. "कसं वाटतंय?" त्याने विचारलं. सवयीने साळुंक्याची मान ताठ झाली. त्याने बायकोकडे पाहिलं, मान खाली घातली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उडताना अजून दम लागतो, वैद्यबुवा. रात्री भीतीही वाटते." साळुंकीला रडू आवरेना. नवऱ्याच्या तोंडून इतकं गोड काही तिने कधी ऐकलंच नव्हतं.

तात्पर्य : दुखणं वैऱ्यापासून खुशाल लपवावं, पण वैद्याला आणि घरच्यांना ते उघड सांगावं, रोगीच खोटं बोलला तर बिचारा वैद्य औषध देणार तरी कशावर?