नववीला नेमलेल्या कोंबड्या

वडजांभळी नावाच्या गावात एक भोळा शिपाई राहत होता. त्याचं नाव गेनू. गावाला एक हायस्कूल होतं आणि हायस्कूलला एक घंटा होती. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, कडुलिंबाला टांगलेला. त्यावर लोखंडी दांड्याने टोल द्यायचे. गेनू ते काम देवपूजेसारखं करायचा. रोज सकाळी रूळ पुसायचा आणि शनिवारी त्याला तेल लावायचा.

नोकरी मात्र कच्ची होती. सहा महिन्यांसाठी घेतलेला माणूस. आवडला तर ठेवायचा, नाही तर घरी पाठवायचा.

एक दिवस वरून कागद आला. नववीला जादा वाचनासाठी ‘कर्तव्याचा कळस’ हे पुस्तक नेमलेलं होतं. ते विद्यार्थ्यांना आवडतं काय, हे कळवा, असं कागदात होतं. ज्या शाळेत सगळ्यांत जास्त आवडत असेल, त्या शाळेला खुद्द ग्रंथकारांच्या हस्ते चषक मिळणार होता.

पुस्तक अकरा वर्षं नेमलेलं होतं. अकरा वर्षं त्याच्या चाळीस प्रती नववीच्या वर्गातल्या जाळीच्या दाराच्या कपाटात होत्या. मुलं गाईड वाचायची. खटावकर बाई गाईडमधून शिकवायच्या. हेडमास्तर देवकुळे सर पुस्तकाबद्दल काही विचारायचं झालं तर बाईंना विचारायचे.

सरांनी लगेच लिहून पाठवलं, ‘फारच आवडते.’ चषक याच शाळेला ठरल्याचं उत्तर आलं. मग सरांना वाटलं, एकदा विचारूनही घ्यावं. त्यांनी गेनूला बोलावलं.

“गेनू, ग्रंथकार शनिवारी येतायत. खूश होऊन गेले तर घंटा कायमची तुझ्याकडे. नाही तर दुसरा शिपाई बघतो. आता नववीत जा आणि पुस्तक आवडतं का ते विचारून ये.”

गेनू गेला. दारात उभा राहून त्याने विचारलं. वर्ग हसला. गेनू परत आला.

“काय म्हणाली पोरं?”

“म्हणाली, कुठलं?”

“अरे मूर्खा, असं तोंडावर विचारायचं नसतं. पोरं लाजतात. लांबून बघावं. मान खाली घालून बसली असतील तर आवडतंय असं समजावं.”

“बरं सर,” गेनू म्हणाला. “आता असंच करतो.”

तो पुन्हा गेला आणि खिडकीतून बघून आला.

“सगळ्यांच्या माना खाली आहेत सर. दोघं घोरतायत.”

सरांनी वहीत लिहिलं, ‘मुले तल्लीन होतात.’

दुसऱ्या दिवशी खटावकर बाई शाळेत आल्या नाहीत. त्यांना ताप आला होता. सरांनी गेनूला धाडलं, बाईंना काय हवं-नको ते बघून ये म्हणून. बाईंचं घर जवळच होतं. गेनू घरात गेला नाही. समोरच्या चिंचेखाली उभा राहिला. बाई ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या. गेनूने नीट बघितलं आणि तो परत आला.

“काय म्हणतायत बाई?”

“मान खाली आहे सर. ताप आवडतोय त्यांना.”

देवकुळे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अरे, जवळ जावं. हात लावून बघावं. गरम लागलं तर ओल्या फडक्याने पुसून काढावं. एवढंही कळत नाही तुला?”

“बरं सर. आता असंच करतो.”

तिसऱ्या दिवशी सरांनी कपाटातली पुस्तकं बाहेर काढायला लावली. अकरा वर्षांचा कुबट वास होता. ग्रंथकारांच्या नाकाला लागला असता. “पटांगणात सतरंजीवर मांड,” सर म्हणाले. “दुपारभर ऊन लागू दे.”

गेनूने चाळीस पुस्तकं चार रांगांत मांडली. ऊन चांगलंच होतं. दुपारी त्याने एका पुस्तकाला हात लावून बघितला. गरम होतं. दुसरं त्याहून गरम होतं. गेनूचा जीव कळवळला. तो बादली घेऊन आला, फडकं भिजवलं आणि चाळीसच्या चाळीस पुस्तकं आतून बाहेरून पुसून काढली. पानापानातून पुसली.

संध्याकाळपर्यंत पुस्तकं फुगली. पुठ्ठे वाकले. कोपरे दुमडले. सर धावत आले.

त्यांना राग आला होता, पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. ही पुस्तकं आता वाचलेली दिसत होती. इतकी वाचलेली पुस्तकं त्या तालुक्यात दुसऱ्या कुठल्या शाळेत नसतील. सर थोडे शांत झाले. तरी शिपायाला सोडून देणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी एक पुस्तक उघडून पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

“हे वाच. ‘पुस्तकास पाण्यापासून जपावे.’ लिहिलंय की नाही? कशालाही हात लावण्याआधी त्यात काय लिहिलंय ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. मग लिहिलं असेल तसंच करावं.”

“बरं सर. आता असंच करतो.”

गेनू चौथीपर्यंत शिकला होता. तो बोट ठेवून, ओठ हलवून वाचायचा. पुस्तकं कपाटात परत ठेवायची म्हणजे हात लावणं आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आधी एक वाचायला घेतलं.

पुस्तकात सुधाकर नावाचा मुलगा होता. तो फार चांगला होता. बत्तीस पानं तो चांगलाच होता. आई आजारी पडली तेव्हा चांगला होता, वडील रागावले तेव्हाही चांगला होता. गेनूला तीनदा डुलकी लागली. बत्तिसाव्या पानाच्या शेवटी सुधाकरने घर सोडलं आणि अंधारात पाऊल टाकलं.

तेहतिसाव्या पानावर कोंबड्यांना सर्दी झाली.

झालं होतं असं की छापखान्यात बांधणी करताना कोंबडीपालनाच्या पुस्तिकेची सोळा पानं यात शिवली गेली होती. एका प्रतीत नाही, सगळ्या प्रतींत. अकरा वर्षं हे पुस्तक मुलांना नेमलेलं होतं, आणि अकरा वर्षं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

गेनू ताठ बसला. त्याच्या बायकोच्या, हौसाच्या, पाच कोंबड्यांना नेमकी सर्दी झाली होती. सर्दी झालेली कोंबडी कशी ओळखावी, ती कुठे ठेवावी, मेलेली कशी पुरावी, सगळं त्यात होतं. चित्रंही होती. गेनू वाचत सुटला. डुलकी नाही की काही नाही. तास संपून वीस मिनिटं झाली तरी टोल पडला नाही.

देवकुळे सर तरातरा आले. “घंटा कुठाय? काय करतोयस इथे?”

“वाचतोय सर.”

“वाचतोयस? शाळेत वाचत बसायचं असतं का रे?”

“सर, तेहतिसाव्या पानावर...”

“गप्प. कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. काय वाचलं असशील ते पोटात ठेव.”

“बरं सर. आता असंच करतो.”

त्याने पोटात ठेवलं. घंटा दिली. पुस्तक संपवलं. मग गाईडचा गठ्ठा उचलायचा होता, म्हणून गाईडही वाचायला घेतलं. गाईडच्या वेष्टणावर ठळक लिहिलं होतं, ‘हे घेतल्यावर मूळ पुस्तकाची गरज नाही.’ गेनूने लिहिलं होतं तसं केलं. चाळीस पुस्तकं पोत्यात भरून नववीच्या वर्गात कोपऱ्यात ठेवली. कपाट मोकळं झालं. आणि एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं, आजारी कोंबड्या कोरड्या, हवेशीर, जाळीच्या दाराच्या कपाटात वेगळ्या ठेवाव्यात. गेनूने तसंही केलं. घरून पडदा आणून जाळीवर सोडला.

शनिवार आला. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली गेनूच्या कमरेला होती. ग्रंथकार आणि त्यांच्याबरोबरचे अधिकारी बाहेर उन्हात उभे होते. गेनू आत उभा होता. अर्ध्या तासाने सर घामाघूम होऊन आले.

“पाहुणे कधीचे आलेत?”

“बराच वेळ झाला सर.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाही.”

सरांनी त्याचा दंड धरला. “नीट ऐक. आज पाहुणे काही विचारतील. विचारलं की लगेच सांगायचं. आणि खरं खरं सांगायचं. घंटा हवीय ना तुला?”

“हवीय सर,” गेनू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता असंच करतो.”

नववीच्या वर्गात समारंभ होता. टेबलावर चषक होता. मुलांनी गाईडमधली उत्तरं पाठ केली होती. एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मला सुधाकरचा त्याग आवडला.” दुसरा उठला आणि म्हणाला, “मला सुधाकरचा त्याग आवडला.” तिसराही उठला. त्यालाही तोच आवडला होता. अधिकारी मान डोलवत होते. त्यांनी पुस्तक बघितलेलं नव्हतं, पण त्यांची मान चांगली डोलायची.

ग्रंथकारांना भरून आलं. ते म्हणाले, “बाळांनो, सुधाकर घर सोडून अंधारात निघतो. त्या रात्री पुढे काय होतं, कोण सांगेल?”

हा प्रश्न गाईडमध्ये नव्हता. सरांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे बघितलं.

“कोणीही सांगा,” ग्रंथकार म्हणाले.

गेनू पाण्याचे पेले घेऊन उभा होता. पाहुण्यांनी विचारलं होतं.

“साहेब, पुढे कोंबड्यांना सर्दी होते.”

वर्ग खदखदून हसला. ग्रंथकारांनी बरोबर आणलेली स्वतःची प्रत उघडली. छापून आल्यापासून त्यांनी ती पहिल्यांदाच उघडली होती. त्यांनी तेहतिसावं पान बघितलं. चौतिसावं बघितलं. हळूच पुस्तक मिटलं.

“हं,” ते म्हणाले. “तो भाग जरा प्रतीकात्मक आहे.”

“फार खोल आहे,” अधिकारी म्हणाले.

“आम्ही त्यावर दर वर्षी प्रश्न विचारतो,” देवकुळे सर म्हणाले.

गेनूला इतका आनंद झाला की पेले खाली ठेवायलाही तो विसरला. “साहेब, मी अगदी तुम्ही लिहिलंय तसंच केलंय,” तो म्हणाला. आणि एका हाताने त्याने कपाट उघडलं.

पाच कोंबड्या बाहेर आल्या. सर्दी बरी झालेली होती. एक अधिकाऱ्यांच्या मांडीवरून गेली. दोन कोंबड्या बाईंच्या टेबलावर चढल्या. एक खिडकीत बसली. पाचवी चषकापाशी गेली, तिने आत वाकून बघितलं आणि आत जाऊन बसली. तिला तो आवडला.

“हे काय आहे?” ग्रंथकारांनी विचारलं.

“तुमचं पुस्तक, साहेब,” गेनू म्हणाला. “तेहतीस ते अठ्ठेचाळीस.”

पाहुणे गेले. चषकही त्यांच्याबरोबर गेला, आधी धुऊन. सरांनी गेनूच्या हातातला दांडा काढून घेतला. “उद्यापासून घंटेला हात लावायचा नाही.”

“बरं सर,” गेनू म्हणाला. एवढंच म्हणाला. मग त्याने रूळ शेवटचा पुसला आणि कोंबड्या काखेत घेऊन तो घरी गेला. हौसाने विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “सर्दी बरी झाली.”

सोमवारी गेनू शाळेत आला आणि कडुलिंबाखाली हात मागे बांधून उभा राहिला. सर दांडा घरीच विसरले होते. एकही टोल पडला नाही. पहिला तास संपला नाही, दुसरा सुरू झाला नाही. सहावी-सातवीची मुलं दुपारीच घरी गेली. पाच वाजले तरी नववीचा वर्ग भरलेलाच होता. सर बघायला गेले. पोतं रिकामं होतं. चाळीस मुलं फुगलेली पुस्तकं उघडून बसली होती आणि एकजण मोठ्याने वाचत होता. खटावकर बाई म्हणत होत्या, “थांब रे, अंडी उबवण्याचं परत वाच.”

सरांनी कचेरीत येऊन वर कळवलं, ‘विद्यार्थ्यांना नेमलेले पुस्तक इतके आवडते की शाळा सुटली तरी ते उठत नाहीत.’ मुलांना उठवायला कोणीतरी हवंच होतं. दांडा गेनूला परत मिळाला. पुढे नोकरीही पक्की झाली.

वरच्या लोकांना कागद बघून समाधान वाटलं. पुस्तक आणखी पाच वर्षं नेमलं गेलं. मात्र ग्रंथकारांनी छापखान्याला खरमरीत पत्र लिहिलं होतं. म्हणून चूक सुधारून नवी आवृत्ती काढली. जुन्या प्रती परत मागवल्या आणि जूनमध्ये चाळीस नव्या कोऱ्या आल्या.

गठ्ठा गेनूने सोडला. हात लावण्याआधी वाचायचं, हे त्याच्या लक्षात होतं. त्याने तेहतिसावं पान काढलं. तिथे सुधाकर अंधारात चालत होता. अठ्ठेचाळिसाव्या पानापर्यंत चालतच होता आणि चांगला होता. गेनूने दुसरी प्रत बघितली. तिसरी बघितली. चाळीसही बघितल्या. एकातही कोंबडी उरली नव्हती.

गेनू गठ्ठ्यापाशी बसला आणि आठवू लागला. एका रात्रीत सगळ्या जातात, असा रोग एकच. मानमोडी. आणि जुन्या पुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की मानमोडीने मेलेल्या कोंबड्या वस्तीपासून दूर खोल खड्डा खणून, वर चुना टाकून पुराव्यात.

संध्याकाळी त्याने शाळेमागच्या माळावर कमरेएवढा खड्डा खणला. चाळीस पुस्तकं हळूच आत ठेवली. वर चुना टाकला, माती लोटली, हात जोडले आणि तो घरी गेला.

नववी गाईडवर पास झाली. त्या वर्षीचीही आणि पुढच्या वर्षीचीही. पुस्तकं कुठे गेली, ते आजपर्यंत एकाही मुलाने, बाईंनी किंवा सरांनी विचारलेलं नाही. आणि कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, म्हणून गेनूनेही सांगितलेलं नाही.