शेवटचा आकडा

एका गावात पिठाच्या गिरणीशिवाय दुसरं काही धड चालत नव्हतं. बस दांडी मारायची, नळ रुसायचा. पण गिरणीवाला निवृत्ती आणि त्याचा मोबाईल कधी दगा द्यायचे नाहीत. ज्यांच्या घरी फोन नव्हता, ते सगळीकडे त्याचाच नंबर देत. शाळेत, बँकेत, दवाखान्यात. कुणाचा निरोप आला की निवृत्ती गिरणी थांबवून हाक मारायला जायचा, आणि त्याबद्दल चारचौघांत थोडा मिरवायचाही.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हौसाबाईला महिनाभर खोकला होता. तालुक्याच्या दवाखान्यात तिची थुंकी तपासायला घेतली, तेव्हा तिनेही हाच नंबर सांगितला.

"भाऊ, रिपोर्ट तुमच्या फोनवर येनार हाय. आला की मला तेवढी हाक द्या," ती येऊन सांगून गेली.

रिपोर्ट आला. वर हौसाबाईचं नाव होतं. निवृत्तीने फक्त हाक मारायची होती. पण त्याने तो उघडून वाचला. क्षय! पोरांच्या काळजीपोटी, असं स्वतःला समजावत त्याने तो शाळा समितीवरच्या मेव्हण्याला पाठवला. 'फक्त तुझ्यापुरतं ठेव', असं खाली लिहायला तो विसरला नाही. मेव्हण्यानेही पुढे पाठवताना हेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाने ती गोष्ट आपल्यापुरती ठेवली.

हौसाबाईचं काम गेलं. शेजारणी तिला पाहून दारं लावून घेऊ लागल्या. ती गिरणीवर आली.

"भाऊ, आजार माझा. मग मलाच समद्यांच्या मागनं कसा कळला?"

निवृत्तीने गिरणी सुरू केली. घरघरीत तिचं पुढचं बोलणं त्याला ऐकू आलं नाही. हौसाबाई गाव सोडून बहिणीकडे गेली. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तिचा क्षय बरा झाला, पण गावात ती परत आली नाही.

दोन वर्षांनी निवृत्तीच्या एकुलत्या एका लेकीला, शेवंताला, खोकला लागला. संध्याकाळी अंगात ताप भरायचा. लग्नाला दोन महिने राहिले होते. निवृत्ती घाबरला. आजाराला तो भ्याला नव्हता. तो बरा होतो, हे त्याने हौसाबाईच्या बाबतीत ऐकलं होतं. तो भ्याला बोभाट्याला, कारण बोभाटा कसा होतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो लेकीला तालुक्याला घेऊन गेला. खिडकीवर नाव विचारलं, त्याने खोटं सांगितलं. मोबाईल नंबर विचारला, त्याने शेवटचा आकडा बदलला. तीन दिवसांनी आपणच येऊन रिपोर्ट न्यायचा, असा त्याचा बेत होता. तिसऱ्या दिवशी तो गेलाही. पण रांगेत नवऱ्या मुलाचे मामा उभे होते.

"इकडं कुठं, पाव्हणं?"

"गिरणीचा पट्टा न्यायला आलतो," निवृत्ती म्हणाला आणि तसाच माघारी फिरला. पुन्हा जायचा धीर त्याला झाला नाही.

"आबा, माझा रिपोर्ट आला का ओ?" शेवंता विचारायची.

"काय निघालं न्हाई बाळ. साधा खोकला हाय."

बापावर तिचा विश्वास होता. ती बिचारी काढे पीत राहिली आणि दिवसेंदिवस वाळत गेली. हळदीच्या दिवशी तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. तिला दवाखान्यात नेलं, निवृत्तीने रडत रडत सगळं खरं सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. पण फार उशीर झाला होता. चौथ्या दिवशी शेवंता गेली.

डॉक्टरांनी त्या खोट्या नावाचा कागद शोधून काढला.

"अहो, हा रिपोर्ट आम्ही चारदा पाठवला. फोन केले. पलीकडचा माणूस म्हणायचा, राँग नंबर." मग ते थकल्यासारखे खुर्चीत बसले. "तुमच्या गावाला झालंय तरी काय? दोन वर्षांपासून तिथल्या निम्म्या लोकांचे नंबर लागतच नाहीत."

काय झालंय ते निवृत्तीला ठाऊक होतं. तो गप्प राहिला. त्याला गप्प राहायला दोन वर्षं उशीर झाला होता.

तात्पर्य: दुसऱ्याच्या आजाराची माहिती आपल्या हाती आली, तर ती ज्याची त्याला आणि उपचार करणाऱ्याला तेवढी पोचवावी. ती एकदा गावभर झाली, की पुढचा माणूस आपला आजार लपवतो, आणि लपवलेल्या आजारापर्यंत औषध पोचत नाही.