चिंचोक्यांचे मडके

फार पूर्वीची गोष्ट आहे. संध्याकाळी करमणूक हवी असेल तर माणसांना घराबाहेर पडावे लागायचे, तेव्हाची. नदीकाठच्या एका गावात एक बाहुलीवाला राहत होता. दर बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला तो पिंपळाच्या पारावर पडदा लावायचा आणि लाकडी बाहुल्यांचा खेळ करायचा.

त्याच्या बाहुल्यांत राजा होता, राक्षस होता, दोन हरणे होती. पण गावाचा जीव होता तो गुंडोपंतावर. गुंडोपंत म्हणजे पोट सुटलेला, एकाच बाजूची मिशी उरलेला एक बाहुला. राजा-राणीची गोष्ट रंगात आली की हा मध्येच घुसायचा, आपले बोलणे विसरायचा आणि समोर बसलेल्यांनाच विचारायचा, "मी आता काय म्हणणार होतो हो?" पोरे ओरडून सांगायची. तरी तो भलतेच बोलायचा, आणि सगळा पार हसायचा.

पाराच्या पायरीशी दोन मडकी ठेवलेली असत. ही पद्धत बाहुलीवाल्याच्या आजोबांनी घातलेली. घरी जाताना पहिल्या मडक्यात प्रत्येकाने मूठभर हरभरे टाकायचे, ती बाहुलीवाल्याची बिदागी. आणि खेळात काही खटकले असेल तर दुसऱ्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. चिंच फोडताना चिंचोके घरोघर निघायचेच, त्यामुळे नाराज व्हायला कुणाला अडचण नव्हती.

हरभऱ्यांची उसळ व्हायची. चिंचोके बाहुलीवाल्याची बायको भाजून, दळून, शिजवून घ्यायची आणि त्यांची खळ करायची. त्या चिकट खळीनेच बाहुल्यांचे निखळलेले हात जोडायचे, पडलेली नाके बसवायची. शिवाय कुणाला काय खटकले हे ती बाजारात फिरून विचारूनही यायची. अशी त्या खेळाची डागडुजी दोन्ही बाजूंनी चालायची.

सगळ्यात जास्त चिंचोके टाकणारी होती एक म्हातारी कासारीण. दिवसभर बायकांना बांगड्या भरून झाल्या की टोपली बाजूला ठेवून ती पहिल्या रांगेत पोते पसरायची. राक्षस फार लवकर मेला, एक चिंचोका. हरणाचा पाय लटपटतो, एक चिंचोका. राजा राणीला न सांगता लढाईला गेला, हे तर तिला मुळीच पटले नाही. त्या दिवशी तिने दोन टाकले. आणि पुढच्या बाजाराला पुन्हा पहिल्या रांगेत हजर.

एके वर्षी बाहुलीवाला शहराच्या जत्रेला गेला. तिथे एका कारागिराने किल्लीची बाहुली मांडली होती. पाठीत किल्ली फिरवली की ती आपोआप नाचायची, गिरकी घ्यायची, मान लववून नमस्कार करायची. दोरी नाही, हात नाही. बाहुलीवाला तिच्यावर असा भाळला की दारचा बैल देऊन तिला घरी घेऊन आला. आल्या आल्या त्याने गुंडोपंताला पेटीत टाकले आणि बायकोला सांगितले, "हा जुना झाला. लोकांना आता नवं हवंय."

"कोण म्हणालं तसं?" बायकोने विचारले.

"म्हणायला कशाला हवं? मला कळतं."

इतक्या वर्षांत ज्या माणसाचे दर आठवड्याला मडके भरून कान उपटले जात होते, त्याला लोकांच्या मनातले न विचारताच कळू लागले होते. आता याला काय म्हणावे.

पहिल्या खेळाला गाव थक्क झाले. दुसऱ्यालाही झाले, जरा कमी. तिसऱ्या खेळाला पोरांनी ओळखले की गिरकीनंतर नमस्कार येतो आणि नमस्कारानंतर काहीच येत नाही. त्या दिवशी चिंचोक्यांचे मडके काठोकाठ भरले.

बाहुलीवाला चिडला. बैल देऊन एवढी नवलाई आणली, तर कौतुक करायचे सोडून हे चिंचोके काय टाकतात? त्याने ते मडके उचलले, चिंचोके ओतून दिले आणि रिकामे मडके घराच्या माळ्यावर नेऊन पालथे घातले. पायरीशी राहिले एकटे हरभऱ्यांचे मडके.

बायको त्याला म्हणाली, "अहो, हरभरे आपल्या पोटाला लागतात, पण खेळाला चिंचोकेच लागतात."

"किल्लीच्या बाहुलीला खळ लागत नाही," तो म्हणाला, आणि ते खरेच होते.

मडके दिसेना तेव्हा लोक त्याला तोंडावर सांगू लागले. पाणवठ्यावर कुणी गाठायचे, तर तो लांबच्या घाटावर जाऊ लागला. न्हावी दाढी करता करता गुंडोपंताची चौकशी करायचा, तर त्याने दाढी वाढवली. हळूहळू सगळ्यांचे बोलणे थांबले. बाहुलीवाल्याला बरे वाटले. तो बायकोला म्हणाला, "बघ, निवळलं सगळं." उसळीसाठी बायको आता पूर्वीपेक्षा निम्मे हरभरे भिजत घालत होती.

मग एका बाजारी पारावर सहाच माणसे आली. पुढच्या बाजारी दोन आली, आणि त्यातला एक पेंगत होता. बाहुलीवाल्याने पडद्याआडून पाहिले. पहिल्या रांगेत पोते नव्हते. त्याच्या लहानपणापासून त्या जागी कुणी ना कुणी भुवया चढवून बसलेले असायचे, आज तिथे पिंपळाची वाळकी पाने पडली होती. त्याच वेळी किल्लीची बाहुली गिरकीच्या मध्यावर कुरकुरली आणि थांबली. आत काय मोडले हे त्याला कळेना, आणि कारागीर तर शहरात.

घरी येऊन त्याने पेटी उघडली. पावसाळ्यात ओल लागून जुनी खळ सुटली होती. गुंडोपंताचा एक हात गळून पडला होता, नाक कोपऱ्यात, आणि उरलीसुरली मिशीही गेली होती. बायकोने खळीचे गाडगे पुढे करून दाखवले. आत काही नव्हते. झाडावरच्या चिंचा अजून हिरव्या होत्या आणि घरातले चिंचोके कधीच संपले होते.

याच बाहुल्याच्या दोऱ्या बोटांत अडकवून वडिलांनी त्याला खेळ शिकवला होता. बाहुलीवाला गुंडोपंताला मांडीवर घेऊन रडला. आपण खेळच घालवून बसलो, हे त्याला आता लख्ख कळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कासारणीच्या दारात गेला. वाटभर त्याने मनाची तयारी केली होती की म्हातारी आज आपली सालपटे काढणार. पण तिने उठून पाट मांडला, पाणी दिले.

"बसा," ती म्हणाली. "खेळ काय म्हणतो? चांगला असतो हो तुमचा खेळ. मलाच हल्ली यायला जमत नाही." आणि ती पुन्हा बांगड्या निवडायला लागली.

आजवर तिने त्याला 'पोरा' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. तिची बोलणी खायला आलेल्या माणसाला ते गोड बोलणे सोसेना. त्याने तांब्या खाली ठेवला.

"मावशी," तो म्हणाला, "मला एक चिंचोका द्या. गुंडोपंताचा हात जोडायचाय. पण नुसता नको. काय खटकलं ते सांगून द्या."

कासारणीचे हात थांबले. मग ती आत गेली आणि एक फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. तिच्या गाठी सोडायलाच तिला वेळ लागला. आत ओंजळभर चिंचोके होते.

"मडकं काढलंस तरी मी कितीतरी बाजार येत होते," ती म्हणाली. "दर खेळाला चिंचोका घेऊनच यायची. टाकायला जागा नाही, म्हणून परत आणायची. फेकवले नाहीत रे पोरा."

मग तिने एकेक चिंचोका त्याच्या पदरी घालायला सुरुवात केली. हा गुंडोपंताला पेटीत कोंबल्याचा. हा आम्हाला न विचारल्याचा. हा दाढी वाढवल्याचा, तुला मुळीच शोभत नाही. एक चिंचोका तिने जरा वेळ हातातच धरला. "आणि हा तुझ्या त्या किल्लीच्या बाईचा. नाचते झकास, पण मी समोर बसलेय हे तिला ठाऊकच नसतं. गुंडोपंताला माहीत असायचं."

बाहुलीवाल्याने ओंजळ पुढे केली होती आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी तो लोहाराकडे गेला, कुंभाराकडे गेला, न्हाव्याकडे तर त्याने दाढीसुद्धा करून घेतली. सगळ्यांचे त्याने ऐकले. ऐकले म्हणजे सगळेच केले असे नाही. लोहाराला राक्षस आणखी उंच हवा होता आणि कुंभाराला तो ठेंगणा हवा होता. राक्षस होता तेवढाच राहिला, पण दोघांनाही त्याने ते आपण होऊन सांगितले.

बायकोने खळ शिजवली. गुंडोपंताला हात आला, नाक आले आणि चक्क दोन्ही बाजूंना मिशी आली. शहरातून दुरुस्त होऊन आलेल्या किल्लीच्या बाहुलीलाही खेळात काम मिळाले. गुंडोपंत तिच्याशी अदबीने बोलायला जायचा आणि ती मध्येच गिरकी घेऊन पाठ फिरवायची. तो बिचारा समोर बसलेल्यांना विचारायचा, "माझं काय चुकलं हो?" आणि चाळीस जण एकदम सांगायला लागायचे.

त्या पहिल्या खेळानंतर हरभऱ्यांचे मडके भरले. माळ्यावरून उतरवलेले दुसरे मडके बाहुलीवाल्याने हलवून पाहिले, तर तळाशी एकच चिंचोका वाजला. पहिल्या रांगेतले पोते झटकून कासारीण नुकतीच गेली होती.

"आता हिला आणखी काय खटकलं?" तो बायकोला म्हणाला.

"मी विचारलं. दोन्ही बाजूंना मिशी नको होती म्हणे."

बाहुलीवाला हसला. त्याने तो चिंचोका जपून उपरण्याच्या टोकाला बांधला. पुढच्या बाजाराला पहिली रांग रिकामी राहणार नव्हती.

या गोष्टीतून घ्यायचे तात्पर्य: आपल्या कामाला नावे ठेवणारा माणूस अजून आपला असतो, तो गोड बोलून गप्प बसू लागला, की समजावे, तो उठून गेला आहे.